कळलावीला निमंत्रण

११ ऑगस्ट ८४, शनि.
संध्याकाळी कळलावीला पाणी घालायला गेलो तर बुंध्याशी सुपारी आणि हळदीच्या अक्षता. म्हणजे झाडाला कोणीतरी निमंत्रण दिलंय. संध्याकाळी निमंत्रण, सकाळी कोणाशी न बोलता मूळ काढायचं, तरच कळा आणायचं हे औषध लागू पडतं. ही गावाकडची रीत मुलुंडच्या चाळीत कोणाला ठाऊक? मला, आणि हिला.
सुनेचे, शोभाचे दिवस भरून गेलेत, कळा नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबा. हिला थांबवत नाही.
सुपारी, अक्षता गटारात टाकल्या. निमंत्रण मोडलं. कोणी पाहिलं नाही. बहुतेक.

१२, रवि.
तरी खणलंच. कंदाचा एक फाटा मोडून नेलाय, माती वरून थापलीय. फुलं मात्र जशीच्या तशी.
शेजारचे तावडे ओट्यावरून, "काका, फूल झकास! पण दारात कळलावी, म्हणून तुमच्याकडे रोज कटकट!" हसलो नाही.
हिला विचारलं. म्हणाली, "मांडीला बांधलंय. मूल झालं की लगेच सोडायचं. बायकांच्या गजाली त्या, तुमका काय करूचा आसा?"
बांधण्याचं भय नाही. आमच्या वाडीत एकीला उगाळून पाजलं होतं. दोन्ही जीव गेले. हिनेही पाहिलंय ते. तरी...

१४, मंगळ.
कळा नाहीत. ही म्हणाली, "मूळ लागू पडत नाही. निमंत्रण मोडलं कोणीतरी." म्हणताना माझ्याकडे पाहत होती की खिडकीकडे, कळलं नाही.
मग स्वतःशीच, "बांधून भागायचं नाही आता."
हे मीच ओढवून घेतलं.

१५, बुध.
सहाण ओली. ही म्हणते देवाचं चंदन उगाळलं. हुंगली, वास नाही. मला सर्दी आहे, त्यामुळेही असेल.
शोभाच्या कपातला चहा आधी मी प्यालो. "बाबा, तुमचा कप तो!" म्हणून हसली पोर. सकाळपासून पाय सुजलेत तिचे. मुलाला, विलासला सांगावं, तर तो आईच्या शब्दाबाहेर नाही.

१६, गुरु.
सांगून टाकलं. सुपारी मी फेकली, मुळाचा दोष नाही. वाटलं, ही शनिवारी पुन्हा निमंत्रण देईल, तेवढे दिवस तरी मिळतील. चिडली नाही. "बरं," एवढंच. चाळीस वर्षांत इतकं थोडक्यात कधी आटपलं नव्हतं.

१७, शुक्र.
पहाटे शोभाला कळा. उलट्याही. विलास रात्रपाळीला. हिने तावड्यांकडून रिक्षा मागवली, प्रसूतिगृहात नेलं. निघताना दारात मी हिला विचारलं, काय दिलंस तिला?
"चहा."
"आणखी?"
"वाट सोडा आधी!"
तावडे म्हणतात, कळांत उलट्या होतात कधीकधी. त्यांना काय ठाऊक.
उरलेला कंद उपटला, फडक्यात बांधलाय. डॉक्टरीणबाईंना दाखवायचा, सांगायचं हे पोटात गेलं असेल. हिने दिलं नसेल तर सुनेच्या खाटेशी, परक्या बायकांसमोर मी हिला काय ठरवलं? पुन्हा माझ्याशी बोलायची नाही. आणि दिलं असेल तर इथे लिहीत बसलोय तेवढा वेळ
निघतो.