काचेवरचं भिवापूर

नागपूर
वैशाखातला मंगळवार, पारा सेहेचाळीसवर

ती. सौ. उत्तराताईस,

श्रीधरचा आठही अंगांनी नमस्कार. (छाती, डोकं, हात, पाय, गुडघे, मन आणि वाणी ही सात सगळ्यांना आठवतात. आठवी दृष्टी. साष्टांगात तीही धरतात, हे पाठशाळेतल्या गुरुजींनी मला छडी टेबलावर ठेवून शिकवलं होतं, म्हणून विसरलो नाही.) तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला मिरच्यांच्या ढिगामुळे की बिडीमुळे, याचा निकाल लागला असेल तर कळव; आमच्याकडे दोन्ही पक्षांचे समर्थक आहेत. वैभवीला आशीर्वाद. ती गाडी फार वेगात चालवते असं तू म्हणालीस, पण तिला निदान समोरचं दिसतं, ही काही लहान गोष्ट नाही.

फोन असताना पत्र काहून, असं तू म्हणशील. तू फोन केलास की बाबा मला तो स्पीकरवर टाकायला लावतात आणि स्वतः दिवाणावर डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतात. त्यांचे कान अजून पंचविशीतले आहेत. म्हणून मी दर वेळी 'सगळं ठीक' म्हणालो. ते पूर्ण खोटं नव्हतं, फक्त संक्षिप्त होतं. (अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलंय. पेन नवं आहे.)

तर बाबांचं ऑपरेशन छान झालं. 'उन्हाळ्यात डोळ्याले हात लावत नसतात, हिवाळ्यात पाहू' असं बाबा तीन हिवाळे म्हणत आले, तेव्हा 'आंबा उन्हाळ्यातच पिकतो, तुमचा मोतीबिंदूही पिकलाय' असं सांगून तूच त्यांना धंतोलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडलंस, हे मी मुद्दाम आठवून देतो. कारण पुढे जे झालं त्यात तुझाही वाटा असावा, अशी माझी इच्छा आहे. उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. बाबांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचलीच, शिवाय तक्ता छापणाऱ्याचं नाव आणि गावही वाचलं. डॉक्टर खूश. डावा डोळाही महिन्याभरात करून घ्या, तो फारच पिकलाय, उशीर नको, असं त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं.

मग आम्ही आपल्या गाडीत बसलो. बाबा पुढे, डाव्या खिडकीशी. चौकातल्या सिग्नलपर्यंत समोरच्या काचेतून रस्ता न्याहाळत होते. सिग्नल लाल झाला आणि ते शांतपणे म्हणाले, "श्रीधर, आपरेशन फेल गेलं गा."

त्यांना जिकडे तिकडे पांढरे ठिपके दिसत होते. दुकानांवर, माणसांवर, रसवंतीच्या बैलावर. ऑपरेशनच्या आधी हे ठिपके दिसत नव्हते, ऑपरेशननंतर दिसतात, म्हणजे ते डॉक्टरांनीच घातले. (कावळा बसला आणि फांदी मोडली, याला आमच्या शास्त्रात काकतालीय न्याय म्हणतात. बाबा त्याला सरळ न्याय म्हणतात.) घरी आल्याबरोबर त्यांनी निकाल जाहीर केला: "एक डोळा बिघडवला तेवढा पुरे. दुसरा मी संगं घेऊन जातो."

तुझ्या भावजयीने, शामलाने, पोर्चमध्ये जाऊन गाडीच्या काचेवर बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. काच हाताला खरखरीत लागत होती. त्याचं असं आहे, की होळी झाली आणि कूलर खिडकीबाहेर स्टँडवर चढला, की त्याच्याखाली नागपुरात सगळ्यात थंड सावली पडते. ती माणसांना वापरता येत नाही, म्हणून मी गाडीला दिली. आपल्या बोअरचं पाणी कसं आहे हे तुला माहीतच आहे, त्यात डाळ शिजता शिजत नाही. तेच पाणी वाळ्याच्या ताट्यांतून दिवसभर फिरून फिरून घट्ट होणार, थेंबाथेंबाने काचेवर गळणार आणि चाळीसच्या वरच्या उन्हात जागच्या जागी वाळणार. शिवाय मी रोज भर दुपारी त्याच बोअरच्या पाण्याने गाडी प्रेमाने धूत होतो, तेही सांगून टाकतो. मला काही हे डाग कधी जाणवले नव्हते. काच जरा दुधी आहे, कंपनीने उन्हासाठी दिली असेल, असं मी धरून चाललो होतो. (रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवेही हल्ली पसरट बनवतात. जमाना बदलला.)

डाग काचेवर आहेत, डोळ्यात नाहीत, हे आम्ही बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "काचेवर असते त तुले नसते दिसले काय? रोज तूच चालवतं ना हे गाडी?" न्यायशास्त्रात प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराला फार मान असतो आणि तो साक्षीदार मीच होतो.

मात्र ते काठी घेऊन खाली आले आणि काच तपासू लागले. तुला ठाऊकच आहे, भूमापन कचेरीत त्यांनी नोकरीभर नकाशे काढले. काचेकडे बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर नागपूर जिल्ह्याची ओळख उमटली. हे वर डावीकडे काटोल. हे रामटेक, जरा सरकलंय. हा मोठा ठिपका मौदा. खाली उमरेड, आणि कोपऱ्यात, रबराच्या पट्टीला टेकलेलं, भिवापूर. "उत्तराचं गाव," म्हणाले. (तुला कौतुक वाटू नये म्हणून लगेच पुढचं वाक्य देतो: "घाण आहे, पण जागेवर आहे.") मग सौदा ठरला. काच साफ झाली आणि ठिपके गेले, तर डावा डोळा देणार. एकही राहिला, तर डॉक्टरांचं नाव घरात काढायचं नाही. आता एका डोळ्याचं भवितव्य माझ्या फडक्यावर होतं.

ताई, मी या प्रश्नात इतका रमलो की शामलाने माझं जेवण पोर्चमध्ये आणून दिलं. पहिल्या दिवशी साधं पाणी आणि वर्तमानपत्र. काही उपयोग नाही, फक्त काचेवर एक जाहिरात उलटी उमटली. तेव्हा मला अनुष्टुभाची एक ओळ सुचली, बिन्दवो न विलीयन्ते जलेनैव जलोद्भवाः, म्हणजे पाण्यातून जन्मलेले ठिपके पाण्याने जात नाहीत. बाबांना ऐकवली. ते म्हणाले, मग संस्कृतानं पुसून पाह्य. (दुसरी ओळ अजून सुचलेली नाही.) मग विचार केला, हा क्षार आहे, क्षाराचा शत्रू अम्ल, आणि अम्ल तर स्वयंपाकघरात भरून आहे. लिंबू कापून चोळलं. काटोल आणि आसपासची खेडी खरोखरच विरघळली, मला इतका आनंद झाला की मी दुसरं लिंबू सरबतात न पिळता काचेवरच पिळलं. संध्याकाळी गाडीच्या दारावर मुंग्यांची रांग. त्यानंतर समया घासायची चिंच. हिने ठिपके गेले की नाही ते कळलंच नाही, कारण काचेवर सगळीकडे चिंचच होती, आणि शेजारच्या इंदुताई भिंतीवरून विचारून गेल्या, गाडीची भाजी करून राहिले काय? आंबट ताकही लावून पाहिलं. त्याचा लाभ फक्त गल्लीतल्या कुत्र्याला झाला. राखेने घासायला निघालो होतो, तेव्हा मात्र शामलाने हात धरला. काचेवर ओरखडे पडले तर त्यांचा तालुका कोणता म्हणायचा, हा तिचा सवाल बिनतोड होता.

शेवटी वैभवीला फोन केला (तुला तिने सांगितलं नसेल तर ती खरंच शहाणी मुलगी आहे). ती म्हणाली, मामा, अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी, गाडी सावलीत, काच थंड, त्यात भिजवलेलं फडकं काचेला चिकटवून ठेवा, घाई करू नका, रंगावर ओघळ जाऊ देऊ नका. शामलाने मागे चायनीज भाताच्या उत्साहात आणलेली बाटली होती. फडकी डकवली. पट्ट्या बांधलेली गाडी अगदी धंतोलीहून आल्यासारखी दिसत होती. फडकं काढलं तर रामटेक नाही, मौदा नाही, उमरेड नाही. जे हट्टी होते त्यांना खायच्या सोड्याचा पातळ लेप बोटाने हलकेच फिरवला. मग विजयाच्या भरात काच धुतली. शामला फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी फरशीसाठी बादलीत साठवते, तीच बादली घेतली, म्हटलं फिल्टरचंच पाणी आहे. दुपारी पाहतो तो जिल्ह्याच्या जागी अख्खा विदर्भ. फिल्टर जे प्यायला देत नाही तेच त्या बादलीत असतं, हे शामलाने मला दोन वाक्यांत समजावलं. त्यातलं दुसरं वाक्य मी इथे देत नाही.

पुन्हा व्हिनेगर, पुन्हा सोडा, आणि या वेळी फिल्टरचं पिण्याचं पाणी, आणि वाळू न देता लगेच जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने कोरडं. काल सकाळी काच अशी झाली की ती आहे की नाही कळेना. गाडी मी कूलरखालून काढून कडुनिंबाखाली लावली. बाबांना हाताला धरून आत बसवलं. त्यांनी डावा डोळा झाकला, उजव्याने काच वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "सगळा जिल्हा गेला. भिवापूर राह्यलं."

मी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. कोपऱ्यात काहीही नाही. स्वच्छ काच. तेव्हा माझं मत असं झालं, की लेकीच्या गावावर जीव असल्यामुळे त्यांना ते दिसत राहणार, आणि यावर व्हिनेगर चालत नाही. तू त्यांना फोनवर एवढंच सांग, की भिवापूर तिथे नाही, ते उमरेडच्या पुढे आहे आणि तू त्यात सुखरूप आहेस. म्हणजे सौदा पुरा होईल आणि डाव्या डोळ्याची तारीख घेता येईल. लवकर सांग. तो डोळा खरंच थांबणार नाही.

बाकी क्षेम. तुझ्याकडची सुकी मिरची संपत आली, हा या पत्राचा विषय नव्हे.

तुझा धाकटा,
श्रीधर

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी शामलाने वाचलं. तिच्या म्हणण्यावरून कळवतो की भिवापूर आहे. कोपऱ्यात, टिकलीएवढं, रबराच्या पट्टीला टेकून. इंदुताईंनाही बोलावलं, त्यांनी ते भिंतीपलीकडूनच दाखवलं.

ता. क. दुसरा. हे ऐकून बाबा उठले. मला गाडीत बसवलं, माझा उजवा डोळा स्वतःच्या तळहाताने झाकला आणि विचारलं, समोरच्या विजेच्या खांबावरचा आकडा काय? मी विचारलं, कोणता खांब? बाबांनी तळहात काढून घेतला. मग ते म्हणाले, "माह्या डोळ्याचं मी पाहतो गा. तू आधी तुहा दाखव. बापलेक संगंच जाऊ." तेव्हा तारीख मिळाली आहे. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी धंतोली, त्यांचा डावा ऑपरेशनला आणि माझे दोन्ही तपासायला. भिवापूर घासू नको असा त्यांचा हुकूम आहे. रोज सकाळी ते पाहून उजवा डोळा चालू असल्याची खात्री करणार म्हणतात, आणि मला आत्ताच दोनदा विचारून झालं, 'दिसलं काय?'

ता. क. तिसरा, आणि आता खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र. डोळ्यात थेंब घातल्यावर मला गाडी चालवता येणार नाही, शामलाला येत नाही आणि बाबा तयार आहेत, म्हणून भीती. पुढच्या गुरुवारी रात्रीपर्यंत वैभवीला घेऊन ये. वेगात आली तरी चालेल. तूही ये. मी इतके दिवस बाबांच्या भीतीची टिंगल केली, आता बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ कोणीतरी बसायला हवं, आणि ते बाबांना कळता कामा नये. आणि पेन जुनंच आहे. वरचा नमस्कार सध्या सात अंगांचा धर. आठवं शुक्रवारी दाखवायला नेतो आहे.