पिळलेला रसगुल्ला

अण्णा, काल घरी रसगुल्ल्यांचा डबा फोडला. घर म्हणजे आमचं भुकूमचं, तुम्ही न पाहिलेलं. तुम्ही गेलात तेव्हा इथं नुसतं माळरान होतं आणि माझी मुलगी रांगत होती. आता ती हिंजवडीला नोकरीला जाते. कोळवणात तुमची भाताची गिरणी होती तिथं कुणा शहरातल्या माणसाचं फार्महाउस झालंय, फाटकावर कुत्र्याची पाटी. रागावू नका. गिरणीपुढच्या आंब्याला त्यांनी हात लावलेला नाही.

डबा फोडायला घेतला की तुम्हीच समोर येऊन बसता. भाताचा हंगाम संपतो, गिरणीचा पट्टा उतरतो आणि नवा पट्टा बघायच्या निमित्तानं तुम्ही पुण्याला जाता. येताना पट्टा असो नसो, पिशवीत रसगुल्ल्यांचा डबा असतोच. पुणं आणि लोणावळा सोडून जग न पाहिलेल्या माणसाला या बंगाली गोडाचं वेड कुठून लागलं, देव जाणे. गिरणीतला स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी घेऊन तुम्ही चुलीपुढे बसता, भुवयांवर कोंडा तसाच. आई ओरडते, "आदी त्वांड तरी धुवा!" तुम्हाला ऐकू येत नाही. बशीत एक रसगुल्ला घेता, दोन बोटांत धरता आणि पार कोरडा होईपर्यंत पिळता. मग तो चपटा झालेला बिचारा तोंडात, आणि बशीतला पाक चहात.

तसं तुम्हाला सगळंच दाबून बघायची खोड होती. गिऱ्हाइकाच्या पोत्यातला दाणा दाताखाली फोडल्याशिवाय तुम्ही गिरणी सुरू करायचा नाहीत. दाणा ओला लागला तर पाहुण्याचंही पोतं परत. फणस, भाकरी, नवी चप्पल, नातीचा गाल, सगळ्यांवर अंगठा. ते मी चालवून घेतलं. रसगुल्ल्यावरून मात्र आपलं दरवर्षी वाजायचं. "पिळायचाच तर आणता कशाला?" मी म्हणायची. तुमचं ठरलेलं उत्तर, "तुला न्हाई कळायचं. आदी त्येचं वझं उतरावं, मंग खावं." मग मी मुद्दाम पाकात बुडवून खायची आणि तुमच्याकडे बघत बघत वाटी चाटायची. शेवटपर्यंत आपल्यापैकी कुणीही माघार घेतली नाही.

मला बघायला माले गावची मंडळी आली तो दिवस तर मी विसरूच शकत नाही. आईनं पोह्यांची सगळी तयारी केली होती, आणि तुम्ही मध्येच डबा आणून ठेवलात. वर सगळ्यांसमोर पिळून खाल्लात. आईनं कोपरानं ढोसलं, डोळे वटारले. तुम्ही उलट नवऱ्यामुलालाच म्हणालात, "पाव्हणं, पिळून बगा की. लई ग्वाड लागत न्हाई मंग." त्यांनी बिचाऱ्यांनी मान राखायला पिळला, आणि पाकाची चिळकांडी नव्या कोऱ्या शर्टावर उडाली. त्यांच्या आत्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, संपलं सगळं. पण ते शर्टाकडे बघून खो खो हसायला लागले. तुम्ही आत आलात. मी चुलीपाशी रडायच्या बेतात उभी. तुम्ही एवढंच म्हणालात, "पाक अंगावर उडाला तरी हासला. ह्येच्याबर नांदशील तू. व्हय म्हण." मी हो म्हटलं. नांदतेय अजून, आणि शर्टाची गोष्ट हे अजून सांगतात.

आता तुमच्या नातीचं. तिनं बंगाली मुलगा पसंत केलाय, तिच्याच कंपनीतला. हे म्हणाले, तू म्हणशील तसं. म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. मुलगा वाईट आहे असं कुणी म्हणत नव्हतं, पण मला धसका बसला होता. उद्या ती कलकत्त्याला गेली तर? तिथल्या घरात रागवायचं झालं तर ती कुठल्या भाषेत रागवणार? तिची मुलं मला काय म्हणून हाक मारणार? मी हो म्हणेना, नाही म्हणेना. मुलगी रोज संध्याकाळी माझ्या तोंडाकडे बघायची आणि उठून खोलीत जायची. शेवटी मीच म्हटलं, आण त्याला, बघू दे.

आणि बंगाली पाहुणा म्हणून मी काय आणलं? रसगुल्ल्यांचा डबा. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. तो सोफ्याच्या कडेवर बसलेला, मांडीवर बशी. आम्ही बोलण्यात आहोत असं बघून त्यानं हळूच बशी कडेला घेतली, रसगुल्ला दोन बोटांत धरला आणि पिळला. पार कोरडा होईपर्यंत. मुलीनं त्याला कोपरानं ढोसलं. तो लालबुंद झाला. "सॉरी आँटी, आमच्या घरी सगळे असंच... मतलब, माँ पण असंच खाते."

अण्णा, माझ्या हातातला ट्रे खाली ठेवावा लागला. मी विचारलं, "पाकाचं काय करतोस?" म्हणाला, टाकून देतो. "आमच्याकडे टाकत नाहीत," म्हटलं, आणि त्याच्या बशीतला सगळा पाक त्याच्या चहात ओतला. हे बघतच राहिले. त्यानं घोट घेतला, चेहरा वेडावाकडा केला, कसाबसा गिळला, आणि हसायला लागला. "आँटी, ह्यात चहा कुठे आहे?"

मी आत आले तशी मुलगी मागोमाग आली. ओट्याला टेकून उभी, रडायच्या बेतात. "आई, काहीतरी बोल ना गं."

"हासला तो," मी म्हटलं. "हो म्हण."

तिला काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. पण गळ्यात पडली. नंतर ह्यांनी विचारलं, एवढी अडून बसली होतीस, मग एकदम कसं काय? मी म्हटलं, मुलगा शिकलेला आहे, वागायला चांगला आहे. तेही खरंच आहे.

सगळे त्याला सोडायला खाली गेले. डब्यात एक रसगुल्ला उरला होता. मी ओट्यापाशी उभ्या उभ्या तो दोन बोटांत धरला आणि पिळला. खाल्ला. तुमचं बरोबर होतं, अण्णा. पाक गेला की दुधाची चव लागते.

म्हणूनच हे पत्र कुठंही टाकणार नाही. तुम्हाला कळलं, तर तिथं वर गावभर सांगत सुटाल.