एकाच नावाचे दोघे

लॅन्वेर,
१४ नोव्हेंबर

प्रिय एम्लिन,

तीन घरं सोडून राहतोस, तरी पत्र लिहितेय. समोर आलास की जीभ रेटत नाही.

खुशाल असशील. इकडे थंडी वाढली आहे. चॅपलच्या गायनमंडळात तुझ्या शेजारची खुर्ची रिकामीच ठेवलीय म्हणे. दुसरं कुणी बसवा. आमचा एम्लिन आता गायचा नाही.

तू आणि माझा नवरा पहिलीपासून एका वर्गात, नाव-आडनावही एकच. गावानं तोडगा काढला: तू पोस्टवाला, हा बसवाला. दवाखान्यातल्या डॉक्टरांना तेवढं सुचलं नाही. तुझ्या साखरेच्या गोळ्या त्यांनी याच्या नावावर लिहिल्या आणि याच्या ब्लडप्रेशरच्या तुझ्या. पुडक्यावर नाव याचं, पत्ता याचा. मी म्हटलं, "गोळीचा रंग वेगळा दिसतोय." तर म्हणाला, "कंपन्या बदलतात गं, नेस्टा."

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी सकाळी तो स्वयंपाकघरात पडलेला सापडला. साखर इतकी उतरली होती की मेंदूच उपाशी राहिला, असं इस्पितळात सांगितलं. डॉक्टरांचं माफीपत्र आलंय. फार सभ्य आहे.

पण चौकशीत दुसरंही कळलं. तुझ्या हातात चुकीच्या गोळ्या पडल्या, तेव्हा त्याच आठवड्यात सोमवारी तू त्या परत नेल्यास. औषधांच्या दुकानात काउंटरवर तुझी कॅरिस होती. तिनं गुपचूप बदलून दिल्या. "बाबा, बोलू नका कुठे, मला आधीच एकदा ताकीद मिळालीय. बसवाल्या काकांचं मी बघते," म्हणाली. तिनं काही बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी तू आमच्याकडे रग्बी बघायला आलास. एम्लिननं तुझ्यासमोर गोळी घेतली. पाण्याचा ग्लास मीच दिला. तू टीव्हीवरची नजर काढली नाहीस.

मुलगी आपली असते, कळतं मला. कळतं म्हणून सोसत नाही.

हे सगळं तोंडावर मारायला लिहीत नाहीये. त्याचा जीव वाचला, पण तो मला ओळखत नाही. 'बाई' म्हणतो. दुपारी खिडकीशी बसून विचारतो, "बाई, एम्लिन आला का?" आधी वाटलं, स्वतःलाच शोधतोय. मग काल म्हणाला, "पोस्टवाला हो." एवढ्या वर्षांच्या संसारातून मी पुसले गेले आणि तू उरलास.

म्हणून रोज येत जा. मागचं दार उघडं ठेवीन. त्याला चहा तूच पाज, हात धर, जुनं काही बोल. मी वरच्या खोलीत असेन. मला हाक मारू नकोस.

तुला माफ करू न शकलेली,
नेस्टा