लाल गाडी आणि अण्णांची फियाट

३ मे, शनिवार

ठरलं! माझी पाठवणी लाल स्पोर्ट्‌स कारमधून. महेश्वर पुण्याच्या मित्राची गाडी आणणार. सोलापूर ते टेंभुर्णी, तो आणि मी, नवरा-नवरी दोघंच, गाणी लावून. अण्णा अंगणात त्यांची जुनी फियाट पुसत होते. सांगितलं, तर वर न बघता म्हणाले, 'लाल हाय व्हय.' आणि पुसत राहिले.

५ मे

अण्णांना मुद्दाम डिवचलं. म्हटलं, ती गाडी बघता बघता शंभर गाठते. आपली शंभर गाठेपर्यंत मोहोळ मागे पडतं. तिच्यात एसी – आपल्यात काच हाताने ढकलायची. आणि गिअर स्टिअरिंगला! अण्णांचं उत्तर, शालू नेसून तिच्यात बसून दाखव, मग बोल. फियाटची बाजू घेताना हा माणूस पोटच्या पोरीलाही ओळखत नाही.

८ मे

महेश्वर गाडी दाखवायला घेऊन आला. अख्खी गल्ली गोळा! गोजाआत्या, अण्णांची थोरली बहीण, माझी पाठराखीण – सोबत सासरी येऊन थोडे दिवस राहणार. ती हौसेने आत बसली ती इतकी खाली गेली की बाहेरून नुसता अंबाडा दिसत होता. मी आणि महेश्वरने हात धरून ओढून काढली. पदर सावरत तिने मागे वाकून पाहिलं.

'आन मी कुटं बसू? टपावर?'

सीट दोनच! महेश्वरचा चेहरा बघण्यासारखा. घरचा ट्रान्सपोर्टचा धंदा, आणि पाठराखिणीची जागाच विसरला! तिच्याशिवाय मुलगी पाठवायची नाही, हे दोन्ही घरांत पक्कं. म्हणजे फियाटच. मी जेवले नाही.

९ मे

अण्णा शीळ घालत फिरतायत. डोक्यात जातात.

११ मे

शीळ बंद. आत्यानेच मोडता घातला – धुळाप्पा, मुलीचा बाप पाठवणीच्या गाडीत बसत नाही, निरोप मांडवातच. आमच्यात तसंच आहे. मग फियाट चालवायला शेजारच्या सिद्धप्पाला ठरवलं; जन्मभर टॅक्सी चालवलेला माणूस. अण्णा त्याला एक चक्कर मारून आणायला घेऊन गेले आणि तोंड पाडून आले. म्हणे क्लच लई दाबतो. मी विचारलं, अण्णा, काळजी माझी की गाडीची?

'गाडीची,' म्हणाले. लगेच. गंमतच होती, पण लागलं मला.

१९ मे, टेंभुर्णी

काल निघताना अण्णा मांडवात कुठेच दिसेनात. निरोपालाही नाहीत! गाडीत मी मान खाली घालून नुसती रडत होते. मोहोळच्या पुढे आत्या पुढच्या सीटकडे वाकून म्हणाली, 'धुळाप्पा, जरा हळू की.' वर पाहिलं. टोपी सिद्धप्पाची होती. खालची मान अण्णांची.

इथे दारात सासूबाई म्हणाल्या, व्याही, आत या. अण्णांनी स्टिअरिंग सोडलं नाही.

'मी डायवर हाय,' म्हणाले. 'पोरीला आत न्या.'