माइक मधोमधच राहील

३ मार्च, मंगळवार
गिटारचा आवाज मोठा करणारा तो भला थोरला ॲम्प आज जिन्याखालच्या खोलीत गेला. जिंकल्या शेजारच्या काकू! जाता जाता तो नवऱ्याच्या अंगठ्यावरून गेला, त्यामुळे त्यालाही फारसं वाईट वाटलं नाही.

आता सगळा संसार कॉम्प्युटरमध्ये. गिटारची वायर थेट त्यात खुपसायची, ॲम्पशिवाय कोरडंच वाजवायचं आणि ॲम्प मागाहून निवडायचा. सॉफ्टवेअरमध्ये पन्नासेक ॲम्पच्या नकला आहेत. ॲम्प ठरला की कॅबिनेट, म्हणजे आवाज जिच्यातून बाहेर पडतो ती स्पीकरची पेटी. तिच्याही नकला. पेटीपुढे माइक कुठे धरायचा तेसुद्धा माउसने सरकवून. नवरा निवडताना मला एवढे पर्याय नव्हते.

४ मार्च, बुधवार
बँडचा पहिला अल्बम निघतोय. कॉलेजपासून वाजवतोय, आता कुठे मुहूर्त लागला! धाकटी बहीण गाते, दातांचा डॉक्टर ड्रम बडवतो, गिटार माझी. त्या दोघांचं सगळं रेकॉर्ड झालंय. माझंही वाजवून झालंय, फक्त त्या वाजवण्याला आवाज द्यायचा राहिलाय. अठरा तारखेला सगळं शेवटचा हात फिरवणाऱ्याकडे पाठवायचं, त्यानंतर बदल नाही.

"आवाजाचं तू बघ, तुझ्यासारखा कान कोणाचा नाही," असं दोघं पहिल्यापासून म्हणतात. खोटं कशाला बोलू, ऐकायला फार बरं वाटतं.

६ मार्च, शुक्रवार
सातवीचे गणिताचे पेपर टेबलावर तसेच पडलेत. मी शाळेतून आल्यापासून पेट्या ऐकतेय. पहिली सर्दी झालेली. दुसरी बरी, पण कवळी काढून बोलल्यासारखी. तिसरीत चार स्पीकर आणि नुसता आरडाओरडा. पाचवीपाशी थांबले — ही माझ्याशी बोलते. तरी तार छेडल्याची ती टोकदार सुरुवात काही येईना. माइक स्पीकरच्या कडेला होता, तो सरकवत सरकवत पार मधोमध आणला. मध्ये धरला की आवाज धारदार, कडेला धरला की मऊ, असा साधा हिशोब असतो. वर ॲम्पचं चमक वाढवायचं बटणही दोन घरं पुढे नेलं.

हां, आता गिटार जागी झाली. इतका आनंद झाला की लागोपाठ दोनदा चहा केला.

८ मार्च, रविवार
धाकटीला पाठवलं. लगेच फोन. "ताई, वाजवलंयस मस्त, पण कानात सुई घातल्यासारखं होतंय गं."

कशावर ऐकतेस, विचारलं. तर मुलाच्या इअरफोनवर. मग होणारच! ते काय ऐकायचं साधन झालं? तिला नीट समजावून सांगितलं. ती "बरं" म्हणाली. तिचं हे "बरं" मी ती फ्रॉक घालायची तेव्हापासून ओळखते. म्हणजे पटलेलं नाही, पण ताईच्या तोंडी कोण लागणार. दुपारभर डोकं फिरलेलं होतं.

९ मार्च, सोमवार
डॉक्टरने तर कहर केला. दवाखान्यात मोठ्याने लावलं म्हणे. खुर्चीतल्या बाई घाबरून म्हणाल्या, "अहो, मी तोंड उघडायच्या आधीच मशीन चालू केलंत?" हे त्याने मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. आयुष्यभर माझ्या डाव्या कानाशी झांजा बडवणाऱ्या माणसाने मला सांगावं, "जरा मऊ कर"?

११ मार्च, बुधवार
त्यांच्या समाधानासाठी माइक कडेला नेला. गिटार गादीत गुंडाळून ठेवल्यासारखी वाटायला लागली. परत मधोमध. ॲम्प बदलला, पेटी बदलली, दोन माइक लावून पाहिले. जिथे मला तार ऐकू येते, तिथे नेमकं त्यांना टोचतं. दोष सॉफ्टवेअरचा आहे, माझी खात्री झालीय. शेवटी नकला त्या नकलाच. खरा ॲम्प जिन्याखाली धूळ खातोय आणि इथे मी माउस फिरवतेय.

१३ मार्च, शुक्रवार
मतदान झालं. दोघं घरी आली. तीन नमुने लावले, कुठला कसला ते न सांगता, नुसते आकडे. तिन्ही सारख्याच जोराने वाजतील असं बघितलं, कारण जरा मोठं वाजलं की तेच चांगलं वाटतं. तेवढी लबाडी मी करणार नव्हते. नवऱ्यालाही मत दिलं.

तिघांनीही दोन नंबर निवडला. गादीवाला! माझा एक नंबर लागला तेव्हा नवरा म्हणाला, "कोणीतरी पातेलं घासतंय." त्याला आज जेवायला वाढणार नव्हते, पण स्वयंपाक त्यानेच केला होता.

१४ मार्च, शनिवार
कोणाशी बोलले नाही. पेपर तपासले. सातवीचं काही खरं नाही.

१५ मार्च, रविवार
डॉक्टर धाकटीला घेऊन आला आणि काहीतरी बोलायचंय असं तोंड करून बसला. त्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर कान तपासणारी एक मुलगी बसते. "सहज जाऊन ये ना," म्हणाला. इंजेक्शन देताना काढतो तो हळू आवाज.

माझा संताप संताप झाला. म्हटलं, जाते की. पण मग ठरलं हं — कान ठणठणीत निघाले तर माइक मधोमधच राहील, अल्बम माझ्या आवाजातच जाईल, आणि तुम्ही तिघं जन्मभर गप्प बसायचं. रिपोर्टला फ्रेम करून ड्रमच्या मागे टांगणार आहे, हेही सांगून ठेवलं. तिघं लगेच कबूल झाली. जरा जास्तच लगेच.

१६ मार्च, सोमवार
काचेच्या छोट्या खोलीत बसवलं. हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबायचं. मी टपाटप दाबत होते. आवाज वरच्या पट्टीत चढत गेले आणि मध्येच यायचे थांबले. बराच वेळ वाट पाहिली. मशीन बंद पडलं असणार म्हणून हेडफोन काढून बाहेर आले.

"शेवटचे, बारीक आवाज लावायचे राहिले ना?" मी विचारलं.

"नाही हो मॅडम," ती म्हणाली. "सगळे लावले."

घरी येऊन धाकटीला फोन केला. पेटी तू निवड, म्हटलं. तिने कारण विचारलं नाही.