खिडकीवर सांगितलेला अबोला

देवळी, २८ ऑक्टोबर २०२५

चि. धनंजयले अ. उ. आशीर्वाद. वि. वि. खुशाली मंग पुसतो. आधी हे सांग, तुमच्या दवाखान्यात लेकराच्या मनाच्या डॉक्टरची तारीख मार्चातली काऊन देतेत? ताप आलेल्याले कोणी म्हणते काय, चार महिने थांब? माही समीक्षा पोळ्यापासून शाळेत गेली नाई. कोणाशी बोलत नाई, दोन घास खाते न् भिंतीकडे तोंड करून पडते. नाव लिहायच्या खिडकीवरच्या बाईनं काय झालं म्हणून पुसलं. मी म्हटलं, अबोला धरला. तिनं लिहिलं न् मार्च दिला. तू तिथंच कारकून. मामा म्हणून काई जोर आहे का नाई तुह्यात? फोनवर हो-हो म्हणून ठेवून देतं, म्हणून लिहून राह्यली.

तुही बहीण नलू

वर्धा, ३१ ऑक्टोबर

ती. नलूताईस शि. सा. न. वि. वि. तुझा कागद वाचून कानच गरम झाले. खिडकीवरची नोंदवही पाहिली. तुझा शब्द जसाच्या तसा लिहिलाय, अबोला. वाचणाऱ्याला वाटलं, पोरगी रुसली आहे, म्हणून मागे टाकली. ताई, सगळ्या गल्लीला फटकारणारी तू, तिथेच कशी नरम पडलीस? काही लपवलं तर नाहीस? समीक्षा भीती वाटेल असं काही बोलली असेल, तर तारीख पाहू नको. तिला एकटी सोडू नको आणि लगेच घेऊन ये.

तुझा धनंजय

देवळी, ४ नोव्हेंबर

चि. धनंजयले आशीर्वाद. लपवलं होतं. खिडकीवर माह्या मांगं आपल्याच गल्लीतली शोभाबाई उभी होती, म्हणून तोंडात आलेलं गिळलं. पोरगी मले म्हणाली होती, "आई, मी नसली तर तुमचं बरं होईन."

तुहं पत्र वाचलं न् काल तिले आणली. तू नेमका रजेवर. खिडकीवर खरं सांगितल्यावर डॉक्टर मॅडमनं तेव्हाच आत घेतलं, घंटाभर बसवलं. वापस येताना पोरीनं आपल्या तोंडानं पाणी मागितलं. मॅडम म्हणाल्या पंधरा दिवसांनी आणा, न् खिडकीवर पुन्हा मार्च!

मी बाकावर बसून मोजत होती. एकोणीस नावं पुकारली, आठ लेकरं आलीच नाई. त्यातलं एक आपल्या गल्लीतल्या प्रेमदासचं. जुलैत दिलेली तारीख त्याले कापूस वेचता वेचता याद राहीन काय? इकडं मॅडमसमोरची खुर्ची खाली, तिकडं आजची तारीख नाई म्हणून दोन माया लेकरं घेऊन दारातून वापस गेल्या.

मॅडमले सांग, आदल्या दिवशी सगळ्याइले फोन लावा. जो येत नाई त्याची जागा थांबलेल्याले द्या. माणूस नाई म्हणू नको, तू आहे ना. न् काय झालं ते चारचौघांत पुसू नका, आत नेऊन पुसा. किती मायांनी अबोलाच सांगितला असन.

सतरा तारखेले समीक्षाचे पंधरा दिवस भरतेत. लोभ आहे तो राहू दे, मले उत्तर चौदाच्या शुक्रवारपर्यंत पाहिजे. नाई आलं तर सतराले पहिल्या गाडीनं येतो न् खिडकीसमोर बसतो. मी काई अबोला धरणारी नाई.

नलू