मधोमध मूर्तिजापूर

५ जानेवारी, रविवार
वाहतूक नियोजक स्नेहमंडळ, अमरावती-अकोला विभाग. आज स्थापना झाली. अध्यक्ष मी. सचिवही तूर्त मीच.

पुण्या-मुंबईकडे आपल्या लाइनीचे लोक ट्रेक काढतात, क्विझ खेळतात, महिन्यातून एकदा एकत्र जेवतात. वऱ्हाडाने काय घोडं मारलंय? पहिली सभा राजापेठेतल्या हॉटेलात. हजर: महापालिकेत सिग्नल बघणारा कुलदीप आणि बसची वेळापत्रकं करणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम. चर्चा उत्तम झाली. बोललो बहुतेक मीच. राजापेठ चौकातल्या टू-व्हीलरवरचं माझं प्रेझेंटेशन कुलदीपला इतकं आवडलं, की तो अर्ध्यातून उठून चौक बघायलाच गेला. परत आला नाही. कामाचा माणूस.

रागिणीचा फोन. बायको अकोल्याला, कॉलेजात लायब्ररियन. मी इथे कन्सल्टन्सीच्या नोकरीत, भाड्याच्या खोलीत. या रविवारी बी येत नाही काय, म्हणाली. म्हटलं, मंडळाचं काम आहे. संस्था उभी करायची तर घरच्यांना थोडी झळ बसणारच.

१२ जानेवारी, रविवार
पहिली सहल. नांदगाव पेठ, एमआयडीसीचा नाका. कार्यक्रम: ट्रकमोजणी. डबा आपापला.

प्रियदर्शनी मॅडम आल्या. थोडा वेळ उन्हात उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, हप्ताभर गाड्याच पायतो आमी. रविवारी तरी माणसं दाखवा." आणि गेल्या.

सूचना मोलाची. पुढच्या सहलीत पादचारी मोजू.

डबा एकट्याने खाल्ला. ट्रक मात्र सगळे टिपले.

१९ जानेवारी, रविवार
आज कोणीच नाही.

खचायचं कारण नाही. आमच्या शास्त्रात रिकामी बस म्हणजे मागणी नाही, असं नसतं. फेऱ्या कमी असतात म्हणून लोक स्टॉपवर येत नाहीत. फेऱ्या वाढवल्या की सुप्त मागणी बाहेर पडते. तेव्हा सभा आता आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी. ग्रुपवर टाकलं. निळ्या टिका आल्या. म्हणजे पोचलं.

रागिणीचा फोन आला नाही. बिझी असेल.

२२ जानेवारी, बुधवार
फेरी रिकामी धावली. वेटर म्हणाला, "साहेब, एका चहावर चार खुर्च्या अडवून राहिले तुमी." म्हटलं, लोक येतायत. आणखी एक चहा सांगितला. दोन खुर्च्या सोडल्या.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदन करून खोलीवर आलो. सहज स्टेटस बघितले.

कुलदीपच्या स्टेटसवर शेंदूरजनाघाट. प्रियदर्शनी मॅडमच्या मामाची संत्र्याची बाग. सोबत अकोल्याचा चंदन, सिग्नलचं काँट्रॅक्ट घेणारा. याला मी तीनदा बोलावलं, तर म्हणे, "साहेब, अमरावती लई दूर पडते." शेंदूरजनाघाट अमरावतीच्याही पुढे आहे. सगळे झाडाखाली बसून खिदळतायत.

फोटो मोठा करून पुन्हा बघितला. मग लक्षात आलं, हे मंडळाचंच यश! सुप्त मागणी सिद्ध झाली. फक्त रूट चुकला.

कुलदीपला फोन केला. म्हणाला, "अचानकच ठरलं ना, सर." अचानक ठरलेल्या सहलीत सगळ्यांच्या टोप्या एकाच रंगाच्या, एकाच छपाईच्या कशा, हे विचारायचं राहून गेलं.

२ फेब्रुवारी, रविवार
सापडलं! घोळ माणसांचा नाही, अंतराचा आहे. अमरावतीत ठेवलं की अकोलेकरांना लांब, अकोल्यात ठेवलं की अमरावतीकरांना. नकाशा काढला, पट्टी लावली. उत्तर: मूर्तिजापूर. अगदी मधोमध. किंचित अकोल्याकडे झुकतं, पण तो माझ्या सासुरवाडीचा मान समजू. सगळ्यांना सारखंच लांब, तक्रारीला जागाच नाही.

पुढच्या रविवारी रोडगे पार्टी. गोवरीवर भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी. तिथल्या माणिकबाई आपल्या शेतात करून देतात. भरपूर सांगून ठेवलं. आकडेमोड अजिबात दाखवायची नाही, असा ठराव केला. सर्वानुमते मंजूर.

ग्रुपवर टाकताच तिघांचेही अंगठे आले! आनंदाने रागिणीला स्वतःहून फोन केला. म्हटलं, तिघांनी अंगठा दाखवला. ती म्हणाली, "अंगठा दाखवला, तं मंग येतील कशाले?"

तिला व्हॉट्सॲप कळत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
मूर्तिजापूर. सकाळीच पोचलो. नवा शर्ट. लिंबाखाली सतरंज्या मी स्वतः अंथरल्या.

कुलदीपकडे पाहुणे आले. प्रियदर्शनी मॅडमची बस चुकली. वेळापत्रक त्यांचंच. चंदनचा फोन बंद.

माणिकबाईंनी दोनदा विचारलं, "बाकीचे लोक कुठं हायेत, दादा?" तिसऱ्यांदा विचारलं नाही. पान वाढलं आणि माझं होईस्तोवर समोर बसून राहिल्या. "घ्या ना, अजून एक घ्या," करत होत्या. बरं वाटलं. उरलेले रोडगे त्यांनी फडक्यात बांधून दिले. "घरी न्या, लेकराबाळायले होतील," म्हणाल्या. आम्हाला मूल नाही, हे सांगत बसलो नाही.

घर म्हणताच वाटलं, अकोला इथून तासाभरावर. आजवर सुचलं कसं नाही? स्टँडवरून रागिणीला फोन लावला. मागे बायकांचा गलका. कॉलेजातल्या मैत्रिणींसोबत ती नरनाळ्याच्या किल्ल्यावर गेली होती. म्हणाली, "तुमी काई येत नाही, मंग निघतो आमी दर रविवारी कुठं तरी." दर रविवारी. मला ठाऊकच नव्हतं.

मग अगदी सरळपणे विचारलं तिने, "काहून, काई काम होतं काय?"

नाही म्हटलं. काम काहीच नव्हतं. मला करमत नाही, एवढंच सांगायचं होतं. अमरावतीत करमत नाही, खोलीवर करमत नाही, रविवारी तर मुळीच नाही. पण मागून कोणीतरी तिला हाक मारली, ती हसली, आणि "ठेवते" म्हणाली.

दोन्हीकडच्या गाड्या लागल्या होत्या. अमरावतीच्या गाडीत बसलो. मांडीवर रोडगे अजून गरम आहेत. एवढे खाणार कोण?